ठेका कुणाचा, नाव कुणाचे?

२००२ साली अमेरिकेत ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ नावाचे एक गाणे फार गाजले. ट्रुथ हर्ट्स हे टोपणनाव घेतलेली गायिका आणि तिच्या साथीला राकिम हा नावाजलेला रॅपर. बिलबोर्डच्या यादीत हे गाणे नवव्या क्रमांकापर्यंत चढले. आपल्याकडचे कुणी ते पहिल्यांदा ऐकत असेल, तर मात्र दचकायचेच. कारण त्या जड ठोक्यांमधून पुन्हा पुन्हा ऐकू येतो तो चक्क लतादीदींचा आवाज! १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे, संगीत बप्पी लाहिरी यांचे.

लतादीदी तिथे पोहोचल्या कशा? हे गाणे तयार करणाऱ्या डीजे क्विकने त्याची हकीकत सांगितली आहे. एके दिवशी सकाळी उठून त्याने टीव्ही लावला, तर हिंदी वाहिनी लागली. आवाज मोठा करून तो दात घासायला गेला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले, की ब्रश तोंडात तसाच आहे आणि आपण त्या गाण्यावर डोलतो आहोत. तसाच बाहेर येऊन त्याने व्हीसीआरचे रेकॉर्डचे बटण दाबले.

ही हकीकत ऐकल्यावर आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘चोरी’. माझ्याही तोंडून तोच निघाला होता. पुढे या प्रकरणात जसजसा शिरलो, तसतसा हा शब्द अपुरा वाटू लागला. चूक नव्हे, अपुरा. इथे हात मारणारा कोण, ज्याचे गेले तो कोण आणि नुकसानभरपाई मिळते ती कुणाला, ही तीन माणसे दर वेळी भलतीच निघतात.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. चाल उचलणे आपल्या परिचयाचे आहे. पण चाल उचलली, तरी ती पुन्हा गाऊन-वाजवून घ्यावी लागते. सॅम्पलिंगमध्ये दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडाच कापून घेतात आणि त्यावर नवे गाणे उभे करतात. म्हणजे मूळ गायकाचा श्वास, मूळ वादकाचा हात, इतकेच काय, त्या दिवशीच्या स्टुडिओतला घुमारासुद्धा त्या तुकड्याबरोबर येतो. हिपहॉपमध्ये हे काम करणाऱ्याला प्रोड्युसर म्हणतात. आपल्याकडे प्रोड्युसर म्हटले, की पैसे घालणारे शेटजी डोळ्यांपुढे येतात. तिथे तो संगीतकार आणि अरेंजर अशा दोन्ही भूमिका करतो. रॅपर बोलतो ते ज्याच्यावर बोलतो, तो सगळा डोलारा या माणसाचा.

या साऱ्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीतील करमणुकीच्या खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच हेतू. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५० सेंट प्रवेशमूल्य. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह. जमैकाहून आलेला हा मुलगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जाऊ लागला.

पार्ट्यांमध्ये तबकड्या लावता लावता हर्कने एक गोष्ट टिपली. नाचणारी मुले गाणे चालू असताना जराशी थांबूनच असतात. गाण्यात एक जागा येते, जिथे गाणारा थांबतो, बाकीची वाद्ये मागे सरतात आणि काही क्षण नुसता ड्रम वाजतो. तिथे मुले खरी उसळतात. (आपल्या तमाशात ढोलकीवाला एकटा सुटला, की पिटातून शिट्ट्या येतात, तसलीच ही जात.) पण ही जागा पाच-दहा सेकंदांत संपते. हर्कने मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या आणि दोन फिरत्या चकत्यांवर ठेवल्या. एकीवरची जागा संपली, की दुसरीवर तीच सुरू करायची. तोवर पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची. पाच सेकंदांची जागा पाच मिनिटे चालली!

नवे एक अक्षरही न वाजवता हर्कने संगीत घडवले. त्याचे भांडवल एकच, नेमकी तबकडी आणि तिच्यातली नेमकी जागा. हे भांडवल किती मोलाचे आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून तो तबकड्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकी. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मूळ वादकाचे नाव पुसण्याची सुरुवात पहिल्याच डीजेच्या घरातल्या बादलीत झाली.

दहा-बारा वर्षांनी यंत्रे आली. ‘एसपी-१२००’ नावाचे एक यंत्र १९८७ साली बाजारात आले. त्याच्या पोटात मावत होता फक्त १० सेकंदांचा आवाज, आणि तोही सगळा मिळून! आजच्या मोबाइलच्या जमान्यात हसू येईल. पण त्या दहा सेकंदांच्या संसारात लोकांनी काय काय काटकसर केली! ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ च्या वेगाने वाजवायची, म्हणजे तुकडा लवकर संपतो आणि जागा कमी लागते. मग यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. या द्राविडी प्राणायामात आवाज थोडा खरबरीत होई. तोच खरबरीतपणा पुढे त्या काळच्या हिपहॉपची ओळख झाला. पुढल्याच वर्षी ‘एमपीसी-६०’ हे दुसरे यंत्र आले. त्यावर सोळा चौकोनी कळा. प्रत्येक कळेवर एकेक तुकडा ठेवायचा आणि बोटांनी तबल्यासारखा वाजवायचा.

यंत्र सगळ्यांकडे सारखेच. मग एकाचे गाणे लोकांच्या मनात राहते आणि दुसऱ्याचे विरून जाते, ते का? याचे उत्तर निवडीत आहे. दोन गाण्यांची तुलना केली, म्हणजे हे स्पष्ट होईल. दोन्ही गाणी गेलेल्या मित्रासाठी केलेली आहेत.

पहिले १९९२ सालचे. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या जोडीचे ‘दे रेमिनिस ओव्हर यू’. त्यांचा मित्र ट्रॉय हा नर्तक १९९० साली अकाली गेला होता. पीट रॉकला टॉम स्कॉट या सॅक्सोफोनवादकाची १९६७ ची एक तबकडी सापडली. तीत एका प्रेमगीताची वाद्यवृंदासह केलेली आवृत्ती होती. पंचवीस वर्षे कुणी फारसे न ऐकलेली. त्यातला सॅक्सोफोनचा लहानसा तुकडा त्याने उचलला आणि त्याच्या खाली भक्कम ड्रम घातला. मूळ गाण्यात तो तुकडा येतो आणि जातो, आपले लक्षही जात नाही. इथे तो पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी पोटात काही तरी हलते. प्रेमगीतात शोक दडलेला आहे, हे त्या प्रेमगीताला स्वतःलाही ठाऊक नव्हते. ते पीट रॉकला ऐकू आले. हे गाणे करताना आपल्याला रडू आले होते, असे त्याने नंतर सांगितले आहे.

दुसरे गाणे १९९७ सालचे, पफ डॅडीचे ‘आय विल बी मिसिंग यू’. नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा त्या वर्षी मार्च महिन्यात खून झाला, त्याच्या आठवणीसाठी केलेले. त्यात पोलीस या बँडच्या १९८३ च्या, जगभर ठाऊक असलेल्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ची गिटार जशीच्या तशी लावली आणि चालही तीच ठेवली. गाणे तुफान खपले. दुःख खरे होते, यात शंका नाही. पण निवड म्हणून पाहिले, तर ही दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात आपला सत्यनारायण उरकून घेण्याची रीत झाली. मांडव, पाहुणे, रोषणाई सगळे आयते.

निवडीचा तिसरा मासला सांगायचा मोह होतो, तो डेट्रॉइटच्या जे डिला याचा. यंत्रात तुम्ही ठोका थोडा पुढे-मागे वाजवलात, तर ते यंत्र आपण होऊन तो काटेकोर जागेवर बसवते. डिला पुष्कळदा ही सोय बंद ठेवी. त्यामुळे त्याचा ठोका किंचित उशिरा, किंचित डुलत पडतो, दमून घरी आलेल्या माणसाच्या चालीसारखा. आजारपणात, काही काळ इस्पितळात राहून, त्याने ‘डोनट्स’ हा शेवटचा संग्रह पुरा केला. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी डिला गेला. त्याचे यंत्र आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. वाद्यालाच संग्रहालयात जागा मिळते ना? मग हे वाद्यच म्हणायचे.

आता पैशाकडे वळू.

कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा कंपनीकडे असतो. सुरुवातीची काही वर्षे हिपहॉपकडे कुणी लक्षच दिले नाही. तेवढ्यात १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले. त्यात शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची चाल वादकांकडून वाजवून घेतली होती. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा धाक दाखवला आणि आपली नावे गाण्याला लावून घेतली. पुढची दहा-बारा वर्षे मात्र मोकळे रान होते. पब्लिक एनिमीसारख्या गटाने एकेका गाण्यात कित्येक तुकडे कोंबून वेगळेच वादळ उभे केले.

डिसेंबर १९९१ मध्ये हे रान बंद झाले. बिझ मार्की या विनोदी रॅपरने गिल्बर्ट ओ’सुलिव्हन यांच्या १९७२ च्या ‘अलोन अगेन’ या गाण्याचा तुकडा वापरला होता. परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही, तरीही गाणे बाजारात आणले. न्यूयॉर्कचे न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविषयीच्या आज्ञेने केली आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडेही पाठवले. बिझ मार्कीने पुढच्या, १९९३ च्या संग्रहाचे नाव ठेवले ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड’, म्हणजे सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे बरे का! जखमेवर मीठ चोळून घेण्याची ही विनोदबुद्धी मला आवडते.

तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि प्रत्येक परवानगीला पैसे. वीस तुकड्यांची गोधडी शिवणे मोठ्या कंपनीलाही परवडेना. मग प्रोड्युसर एकच मोठा तुकडा घेऊ लागले किंवा तुकड्याचे इतके बारीक काप करू लागले, की मूळ मालकालाही ओळखू येऊ नये. डे ला सोल या गटाचा १९८९ चा गाजलेला पहिला संग्रह, जुन्या परवानग्यांत नव्या माध्यमांचा उल्लेख नसल्यामुळे, वर्षानुवर्षे इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर येऊच शकला नाही. अखेर ३ मार्च २०२३ रोजी तो आला. गटातला ट्रूगॉय त्याआधी जेमतेम तीन आठवडे वारला होता.

कुणाला वाटेल, काही का होईना, हक्काच्या माणसाला पैसे मिळू लागले ना? इथेच खरी गोम आहे.

१९६९ साली विन्स्टन्स या बँडने एक छोटी तबकडी काढली. पुढच्या बाजूचे गाणे खूप खपले. मागची बाजू भरायला म्हणून ‘आमेन, ब्रदर’ हे वाद्यसंगीत घातले. त्यात मध्येच ग्रेगरी कोलमन यांचा ड्रम एकटा वाजतो, जेमतेम सहा-सात सेकंद. एवढासा तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. अमेरिकेतल्या हिपहॉपमध्ये आणि त्याहून अधिक इंग्लंडच्या जंगल नावाच्या नृत्यसंगीतात. जगात सर्वांत जास्त वेळा उचललेल्या तुकड्यांपैकी तो एक. कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारले. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना तर १९९६ पर्यंत या प्रकाराचा पत्ताच नव्हता. २०१५ साली इंग्लंडमधल्या काही संगीतप्रेमींनी वर्गणी काढून त्यांना २४ हजार पौंड दिले. कायद्याने नव्हे, वर्गणीने.

क्लाइड स्टबलफील्ड यांची कथा याहून बोलकी. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० च्या गाण्यातला ड्रम त्यांचा. गाण्याच्या नावातच ड्रमर आहे. पण रचनाकार म्हणून नोंद एकट्या ब्राउन यांची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे. स्टबलफील्ड पगारी वादक. तो ठेका पुढे पब्लिक एनिमी, एलएल कूल जे आणि इतर कितीकांनी वापरला. १९९१ नंतर काहींनी रीतसर परवानगीही घेतली असेल, पैसेही दिले असतील. ते पैसे ज्यांच्या हक्काचे त्यांना गेले. ज्याच्या हाताचे, त्याला त्यातले मानधन लाभले नाही. २००० सालच्या सुमारास स्टबलफील्ड यांना कर्करोग झाला, तेव्हा उपचाराचे सुमारे ९० हजार डॉलर गायक प्रिन्स यांनी गाजावाजा न करता भरले. त्यांच्या ठेक्याचा चाहता होता म्हणून. स्टबलफील्ड यांनी ही गोष्ट प्रिन्स गेल्यावर सांगितली. ते स्वतः २०१७ मध्ये गेले.

पफ डॅडीच्या गाण्याचेही तेच झाले. ऐकू येते ती गिटार अँडी समर्स यांची. पण मूळ गाण्याचा रचनाकार म्हणून नोंद फक्त स्टिंग यांची, त्यामुळे रचनेचे पैसे गेले स्टिंग यांना.

आता पुन्हा ‘ज्योति’कडे. परवानगी नव्हती, बप्पीदांचे नावही नव्हते. सारेगामा कंपनीने दावा लावला, बप्पीदाही अमेरिकेच्या न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हुकूम दिला, की लाहिरींचे नाव दिल्याखेरीज तो संग्रह विकता येणार नाही. त्या वेळी आपल्याकडे काही जण गालात हसले. कारण बप्पीदांच्याच ‘डिस्को डान्सर’मधले ‘ऑवा ऑवा’ ऐकताना बगल्सच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ची आठवण आल्यावाचून राहत नाही. पण एकाच्या उधारीने दुसऱ्याची उधारी फिटत नसते. बप्पीदांची मागणी रास्तच होती.

या प्रकरणानंतर बाहेरची मंडळी थोडी सावध झाली असावीत. २००५ साली ब्लॅक आइड पीज यांनी ‘डोंट फंक विथ माय हार्ट’मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधल्या गाण्यांचा वापर केला, तेव्हा संगीतकारांची आणि गीतकार इंदीवर यांचीही नावे रचनाकारांच्या यादीत होती. त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. मात्र प्रत्येक वेळी भारतीय कंपनीची सरशी झाली, असेही नाही. ‘आराधना’तल्या ‘बागों में बहार है’चा जेमतेम सेकंदभराचा तुकडा टिंबालँड या प्रोड्युसरने वापरला होता. त्यावर सारेगामाने दावा केला. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०११ साली १९६७ चा मूळ करार वाचला आणि सांगितले, की कंपनीचा या गाण्यावरचा हक्क केव्हाच संपला आहे. म्हणजे परवानगी मागायची असे ठरवले, तरी कुणाकडे, हेही कागद उघडल्याशिवाय कळत नाही.

लतादीदींचे या साऱ्यात एक वेगळे स्थान आहे. गाण्याच्या उत्पन्नात गायकाचाही वाटा हवा, असा आग्रह त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरला होता. ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा संबंध संपला, असे रफीसाहेबांचे मत. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेही सोडले. चाळीस वर्षांनी त्याच बाईंचा आवाज कुणा परक्या माणसाने दात घासता घासता टिपला आणि वाद निघाला तो संगीतकाराच्या नावाचा आणि कंपनीच्या हक्काचा. बप्पीदा आणि लतादीदी दोघेही फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले, नऊ दिवसांच्या अंतराने.

परवा ‘थोडा रेशम लगता है’ पुन्हा लावून ऐकले. या वेळी आवाजाकडे नाही, आवाजाखालच्या ठेक्याकडे कान दिला. डीजे क्विकला डोलायला लावणारा तो ठेकाच असणार. तो वाजवणाऱ्याचे नाव मात्र मला सांगता येत नाही. आपल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची पद्धत सहसा नव्हतीच. लेबल भिजवून काढायची गरज पडली नाही.